काचेचा डोळा

बायको गेल्यावर किल्लीवाल्याच्या घरातलं बरंच काही हललं. तिचे कपडे मुलीने येऊन आवरले, औषधाच्या बाटल्या गेल्या, भाड्याने आणलेली खाट परत गेली. हलला नाही तो फक्त खिडकीजवळच्या टेबलावरचा पट. त्यावर त्या दोघांचा शेवटचा डाव अर्धवट पडला होता. किल्लीवाल्याने त्यावर एक स्वच्छ फडकं टाकून ठेवलं होतं. मुलीने पुसायला म्हणून ते उचललं, तेव्हा तो असा काही खेकसला की ती बिचारी दचकलीच.

"बाबा, धूळ पुसतेय फक्त."

"राहू दे धूळ."

खेळाचं नाव गो. गल्लीत तो कुणाला ठाऊक नव्हता, या दोघांनाही आधी नव्हता. फार पूर्वी एक गिऱ्हाईक लाकडी पेटी घेऊन दुकानात आलं होतं. पेटीची कडी अडकली होती. किल्लीवाल्याने ती सोडवून ठेवली, पण गिऱ्हाईक पुन्हा काही फिरकलं नाही. वाट बघून बघून शेवटी बायकोने पेटी उघडली. आत रेघांचा पट, काळे-पांढरे खडे आणि नियमांचा चुरगळलेला कागद. दुकानाच्या मागेच घर. तिने चुलीशी उभं राहून तो कागद मोठ्याने वाचला आणि त्याने दुकानात कानस चालवता चालवता ऐकला.

नियम सोपे होते. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने खडा ठेवायचा. ठेवलेला खडा हलत नाही. समोरच्याचे खडे चहूबाजूंनी कोंडले की ते उचलायचे. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. आणि एक गोष्ट जीव की प्राण. आपल्या खड्यांच्या घोळक्याच्या पोटात दोन वेगळ्या रिकाम्या जागा राहिल्या पाहिजेत. त्यांना म्हणायचं डोळे. दोन डोळे असले की तो घोळका कुणाच्या बापाला मारता येत नाही. एकच असला तर आज ना उद्या तो गेलाच.

कागदावरचे बाकीचे शब्द त्यांना जड वाटले, म्हणून त्यांनी घरचे शब्द केले. घोळक्याला दोन डोळे झाले की "कुलूप लागलं". समोरच्याच्या मुलखात जाऊन खडा टाकला की तो "पाहुणा". किल्लीवाल्याला पाहुणा व्हायला भारी आवडायचं. तो बेधडक तिच्या घरात खडा टाकायचा आणि ती म्हणायची, "पाहुणा आला. चहा ठेवते." आणि खरंच उठून चहा ठेवायची. तोवर तो पटावर वाकून हात चोळत बसायचा. ती परत यायची, आपल्या एखाद्या कोपऱ्याला कुलूप लावायची, आणि पाहुणा तिच्या घरात पाय पसरून बसायचा.

बहुतेक डाव तोच जिंकायचा. ती जिंकली तरी तोंडी लावण्यापुरती.

"तुला घुसताच येत नाही," तो म्हणायचा. "नुसती कुलपं लावत बसतेस. कुलूपवाला मी की तू?"

"मी कुलूपवाल्याची बायको," ती म्हणायची. "घरात चोर शिरला नाही म्हणजे झालं."

ती आजारी पडली तेव्हा त्याने तिची खाट खिडकीजवळच्या टेबलाला लावली आणि म्हणाला, "काळे तुझेच. पण या वेळी दोन खडे आधीच ठेव. आजारी माणसाला सवलत." कमकुवत खेळाडूला अशी सवलत देतात, हे त्याच कागदावर लिहिलेलं होतं. तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग हसली, आणि दोन खडे ठेवले. ते हसू किल्लीवाल्याने जपून ठेवलं होतं. रोज एकदा तरी ते काढून बघायचा.

शेवटच्या डावात तिने हात बराच वेळ पटावर धरला.  मधोमध आल्यासारखा झाला, मग कोपऱ्याकडे वळला, आणि जिथे कुलूप आधीच लागलेलं होतं तिथेच तिने आणखी एक खडा ठेवला. खेळी फुकट गेली. आता हिचं डोकंही थकलं, असं त्याला वाटलं आणि तिची कीव आली. 

"दमले हो," ती म्हणाली. "तुमची खेळी उद्या."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून ती घरी आली नाही. त्याची खेळी तशीच राहिली.

रस्त्यापलीकडे समोरच चष्मेवाल्याचं दुकान. वयाने किल्लीवाल्यापेक्षा बराच लहान, बोलायला गोड, गिऱ्हाइकाला चष्मा घालून आरशात बघायला लावताना स्वतःच खूश होणारा. एकदा त्याच्या शटरच्या कुलपात किल्ली तुटली. किल्लीवाल्याने तुटका तुकडा काढला, कुलूप सोडवून आणलं आणि नवी किल्ली घासायला घेतली. चष्मेवाला समोर उभा होता. आतल्या दारातून त्याला टेबलावरचं फडकं दिसलं.

"दादा," तो म्हणाला, "कधी खेळावंसं वाटलं तर सांगा."

"काय खेळावंसं?"

"गो."

किल्लीवाल्याचा हात थांबला. "तुला येतो?"

"येतो आपला. थोडाफार."

"कुठे शिकलास?"

"असंच," चष्मेवाला म्हणाला आणि किल्ल्यांची फळी न्याहाळायला लागला.

किल्लीवाल्याला इतकं बरं वाटलं की त्याने पुढे खोदून विचारलंच नाही. आपली बोली बोलणारं जगात आता कुणी उरलं नाही, असं वाटत असताना समोरच्याच दुकानातून हाक यावी, तसं झालं. रविवारी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो रस्ता ओलांडून गेला. घरचा पट अडलेला होता, म्हणून खेळायचं ठरलं होतं चष्मेवाल्याकडे.

दुकानाच्या मागच्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची होती, भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, आणि मधल्या स्टुलावर जाड पुठ्ठ्याचा पट. रेघा पेनाने मारलेल्या, पण एकही वाकडी नाही. खड्यांच्या जागी बटणं. काळी कोटाची, पांढरी शर्टाची.

"वा! भारी शक्कल लढवलीस," किल्लीवाला म्हणाला.

"पांढरी तुम्ही घ्या," चष्मेवाला म्हणाला आणि पांढऱ्या बटणांची वाटी त्याच्याकडे सरकवली.

पांढरे म्हणजे वरचढ खेळाडूचे. माणसाला पारख आहे, किल्लीवाल्याला वाटलं.

डाव रंगला. किल्लीवाल्याने मध्ये थोडी बटणं पेरली, चारदोन इकडे, चारदोन तिकडे, आणि त्याचा हात शिवशिवायला लागला. उजवीकडे चष्मेवाल्याने लांबलचक जागा धरली होती. एवढी जागा माणसाने सुखाने घेऊ द्यायची म्हणजे काय? त्याने पांढरं बटण उचललं आणि नेहमीच्या ऐटीत, टक् करून, तिच्या ऐन पोटात टाकलं.

चष्मेवाला खेळात पार बुडालेला होता. हनुवटी हातावर, नजर पटावर. तो स्वतःशीच बोलल्यासारखा पुटपुटला, "पाहुणा आला. चहा ठेवते."

आणि त्याचा काळं बटण घेतलेला हात हवेतच थांबला.

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली.

"काय म्हणालास?"

"काही नाही, दादा."

"पाहुणा म्हणालास. ठेवते म्हणालास. ठेवतो नाही, ठेवते."

"निघालं तोंडातून. सगळेच म्हणत असतील की."

"सगळे कोण? या गल्लीत हा खेळ खेळणारी दोन माणसं होती. त्यातलं एक गेलं."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि पुन्हा काढला. "वहिनी यायच्या," तो म्हणाला.

"कुठे?"

"इथे. चष्म्याचा स्क्रू आवळायला."

किल्लीवाल्याला सगळं आठवलं. तिचा चष्मा सारखा ढिला व्हायचा. आण इकडे, स्क्रूच आहे ना, मी आवळतो, असं तो दर वेळी म्हणायचा. "नको बाई, तुमच्या हाताला ग्रीस," म्हणून ती रस्ता ओलांडून जायची. बँकांच्या तिजोऱ्या उघडून देणाऱ्या माणसाच्या बायकोचा चष्मा पलीकडचा माणूस आवळत होता, आणि नवऱ्याला शंका म्हणून आली नव्हती.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली, दादा."

"आणि जिंकायचं कोण?"

चष्मेवाल्याला हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर त्याचं तोंड कसनुसं झालं. "मी? मी एकदाही नाही. पांढरी कायम त्यांची. मला चार बटणं आधी ठेवायला लावायच्या, आणि वर चोपायच्या."

चार. किल्लीवाल्याला ते दोन खडे आठवले. आजारी माणसाला सवलत. आणि तिचं ते हसू. तो खुर्चीत जरा मागे टेकला.

"घुसायची?"

"वहिनी? त्या घुसल्या की वाटायचं शटर ओढून घरी जावं. पण तुमच्यासारख्या नाहीत हं, एकदम." तो थांबला. "माफ करा."

"बोल, बोल. आता कशाला अडतोस?"

"घुसायच्या आधी मागे वळून बघायच्या. आपला एकेक घोळका तपासायच्या. इथे दोन डोळे आहेत, इथे एकच आहे, इथला काचेचा आहे. जिथे कच्चं दिसेल तिथे आधी एक बटण टाकायच्या आणि मगच माझ्याकडे वळायच्या. म्हणायच्या, घरी भांडण लावून पाहुणी म्हणून जायचं नसतं."

"काचेचा काय?"

"काचेचा डोळा हो." चष्मेवाल्याला आधी कळलंच नाही की हा शब्द त्याला ठाऊक नाही. मग कळलं, आणि त्याने नजर खाली घातली. "माझ्याकडे एक म्हातारे गिऱ्हाईक यायचे, एक डोळा काचेचा. त्यावरून वहिनींनी नाव पाडलं. हे बघा." त्याने पटाच्या एका मोकळ्या भागात बटणं मांडून दाखवली. "वरून रिकामी जागा. चारी बाजूंनी आपलेच खडे. डोळाच वाटतो. पण चार तिरक्या कोपऱ्यांपैकी दोन ठिकाणी समोरच्याचे खडे येऊन बसले की आपल्या खड्यांची एकमेकांशी गाठ राहत नाही. मग कधीतरी ती जागा आपणच बुजवावी लागते. दिसायला डोळा, दिसत काही नाही."

घरचा शब्द बाहेर गेला, हे किल्लीवाल्याने कसंबसं गिळलं होतं. पण हा शब्द कधी घरात आलाच नव्हता. इतक्या डावांत तिने एकदाही म्हटलं नव्हतं की अहो, हा तुमचा डोळा काचेचा आहे. बघत असणार. दर डावात बघत असणार.

"खेळ," तो म्हणाला. "तुझी खेळी आहे."

"राहू दे ना, दादा."

"तिच्याशी खेळायचास तसा खेळ. माझ्यावर मेहेरबानी नको."

चष्मेवाला खेळला. पाहुण्याला त्याने कोंडलं नाही. नुसता एका बाजूने हाकत राहिला. किल्लीवाला पळत राहिला, आणि पळता पळता त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच मधल्या घोळक्यावर येऊन आदळतोय. पाहुणा वाचवावा तर घर जातंय, घर वाचवावं तर पाहुणा. दोन्ही वाचवायला गेला आणि दोन्ही गेली. चष्मेवाल्याने पांढरी बटणं उचलली तेव्हा ओंजळ भरली.

"हे तिने शिकवलं?"

"हो."

"माझ्याशी का नाही खेळली असं?"

"विचारलं होतं मी एकदा." चष्मेवाला बटणं वाटीत एकेक करून सोडत होता. "म्हणाल्या, घरी मला शांतता लागते."

"म्हणजे काय?"

"पुढे नाही विचारलं मी."

किल्लीवाला उठला. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात मोठी अक्षरंसुद्धा त्याला धड दिसेनात.

"दादा, चहा तरी..."

"चहाचं नाव काढू नकोस."

घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते तिचा बटणांचा डबा शोधायचं. डबा सापडला. आत हुक होते, नाडीचे तुकडे होते, एक सुई होती. बटण एकही नव्हतं.

पुढचे दिवस गिऱ्हाइकांनी त्याला सांभाळून घेतलं. एका बाईने कपाटाची किल्ली करून नेली, तिला त्याने किल्ली दिली आणि शब्द एकही दिला नाही. चष्मेवाल्याची नवी किल्ली घासून तयार होती, ती त्याने कुलपासकट मुद्दाम खणात टाकून ठेवली. समोर चष्मेवाला रोज तात्पुरत्या साध्या कुलपाशी झटापट करत शटर उघडायचा. किल्लीवाला दुसरीकडे बघायचा.

डोक्यात भांडण चालूच होतं. ती चष्मेवाल्याच्या प्रेमात पडली असती तर निदान संतापायला सरळ जागा तरी मिळाली असती. लोकांना सांगता आलं असतं. आता सांगायचं काय? माझी बायको समोरच्या दुकानात जाऊन जिंकायची? लोक हसले असते. त्याने जे तिच्याबरोबरचं म्हणून धरून ठेवलं होतं, ते नेमकं या खेळातलंच होतं. संध्याकाळचा डाव, तिचा वैताग, त्याची ऐट, चहा. संसारात बाकी काही कमीजास्त झालं असेल, पण इथे आपण दोघं खरे होतो, असं त्याला वाटत आलं होतं. बाकी कशाकडे वळून बघायची गरज नाही, ही जागा पक्की, या भरवशावर तो होता. आणि ती तिथे समोर बसून त्याला जिंकू देत होती, पोराला चेंडू पकडू द्यावा तशी.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"जेवलात?"

"हो."

"काय केलं होतंत?"

"होतं काहीतरी."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

 मग ती म्हणाली, "बाबा, कुणाकडून हरलात का?"

किल्लीवाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कशावरून?"

"आवाजावरून. हा आवाज मी ओळखते ना. लहानपणी हा आवाज आला की आई मला खूण करायची, आज दप्तर दाखवायला जाऊ नकोस म्हणून."

"ठके," तो म्हणाला. तिचं लाडाचं नाव ते, पण आता त्यात लाड नव्हता. "तुला चष्मेवाल्याकडचं माहीत होतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उत्तर मिळालं होतं, तरी तो थांबला.

"बटणं मीच नेऊन दिली होती," शेवटी ती म्हणाली. "आईने सांगितलं म्हणून."

"म्हणजे दोघी मिळून मला खेळवत होतात."

"खेळवत नव्हतो. सांभाळत होतो."

"सांभाळायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

"बाबा, एकदा तुम्ही हरल्यावर आईशी बोलणं टाकलं होतंत. ती विचारायची, तुम्ही भिंतीकडे बघायचात. मी मध्ये निरोप्या. आईला सांग मीठ दे, बाबांना सांग मीठ समोरच आहे. आठवत नाही?"

त्याने मनापासून आठवून बघितलं. पेटीची कडी आठवली, नियमांचा कागद आठवला, तिने पहिला खडा कुठे ठेवला तेही आठवलं. हे नाही.

"नाही आठवत."

"आम्हाला आठवतं," मुलगी म्हणाली. आवाजात तिखटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मला सांगायचंत की. एकीने तरी."

"कोण सांगणार? आणि ती खूश होती हो. तिथे जिंकून यायची, घरी तुमच्याशी खेळायची. मला म्हणायची, दोन्हीकडे बरं चाललंय, कशाला हात लावा?"

"तिचं बरं चाललं होतं," किल्लीवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, आत आला आणि पटावरचं फडकं काढलं. ऊन सरळ टेबलावर पडलं होतं. खुर्ची ओढून तो बसला, पण तिच्या बाजूला.

आपले पांढरे खडे समोरच्या बाजूने त्याने कधी बघितलेच नव्हते. तिकडून ते वेगळेच दिसत होते. उजवीकडच्या कोपऱ्यात त्याचा पाहुणा मजेत बसला होता. मधोमध त्याचा मोठा घोळका पसरला होता, ज्याच्या जोरावर त्याने हा डाव खिशात टाकला होता. त्याने डोळे मोजले. एक इथे, हा खरा. दुसरा तिथे. चारी बाजूंनी आपलेच खडे. तिरक्या कोपऱ्यांवर नजर गेली. दोन ठिकाणी आपलेच खडे, एकावर तिचा काळा खडा आधीच बसलेला. चौथा मोकळा.

त्या मोकळ्या जागेवर काळा खडा पडला की संपलं. डोळा काचेचा, घोळका मेला, डाव गेला. त्या दिवशी शेवटची खेळी तिची होती. हात इथपर्यंत आला होता. आणि तो कोपऱ्याकडे वळला होता. त्याला वाटलं होतं तिचं डोकं थकलं. तिचं डोकं शाबूत होतं. एवढ्या दुखण्यातही ती त्याचं घर सांभाळत होती, आणि तो मनात तिची कीव करत होता.

आता खेळी त्याची होती. तीच जागा त्याने पांढऱ्याने बुजवली की डोळा खरा होत होता आणि डाव त्याचा होत होता. पांढरा खडा त्याने उचललाही. बोटांत फिरवला. मग वाटीत परत टाकला.

"मला चाललं असतं," तो मोठ्याने म्हणाला. "एकदा विचारून तरी बघायचंस."

त्याने तिच्या वाटीतला काळा खडा घेतला आणि तिने सोडलेल्या जागेवर ठेवला. टक् आवाज केला नाही, ती करायची नाही. मग आपला घोळका उचलायला लागला. एकेक पांढरा खडा काढला, तसतसा पट मधोमध मोकळा होत गेला. पाहुणाही मागोमाग गेला, त्याला आता कुणाचा आधार नव्हता. मोजायची गरजच नव्हती.

"हरलो," तो म्हणाला.

आणि थांबला. काय होतंय ते बघावं म्हणून थांबला. झालं ते असं की त्याचा जबडा आवळला गेला. मान आपोआप वळली आणि नजर भिंतीवर जाऊन बसली. कुणी काही विचारलं असतं तर उत्तर आलं नसतं, हे त्याला स्वच्छ कळलं. विचारायला कुणी नव्हतं. खोलीत शांतता होती, पण ही ती शांतता नव्हती जी तिला हवी होती. ही दुसरी होती. हिच्यात त्या मायलेकी बसून मिठाचे निरोप देत होत्या.

चाललं असतं, हे आपण मघाशी म्हणालो ते खरं का, ते त्याला आता सांगता येईना. राग मात्र होता तसाच होता. उलट त्याला आता टेकायला पक्की जागा राहिली नव्हती, म्हणून तो जास्तच सलत होता.

त्याने खडे वेगळे केले. काळे तिच्या वाटीत, पांढरे त्याच्या. पट पुसला. धूळ बरीच होती. फडकं परत टाकलं नाही.

मग दुकानात आला, खणातून चष्मेवाल्याचं कुलूप आणि किल्ली काढली आणि रस्ता ओलांडला. चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या कानामागची काडी वाकवून बघत होता. किल्लीवाल्याला बघून त्याने ती काडी जरा जास्तच वाकवली.

"आई गं," गिऱ्हाईक म्हणालं.

"दादा, या ना. मी येणारच होतो, पण म्हटलं..."

"बोलायचं नाहीये मला तुझ्याशी," किल्लीवाला म्हणाला. कुलूप आणि किल्ली काउंटरवर ठेवली. "राग गेलेला नाही. रविवारी येतो."

"या की. कधीही या."

"काळी मी घेणार. चार आधी ठेवणार."

चष्मेवाल्याने मान हलवली. गिऱ्हाईक एका कानाला चष्मा अडकवून दोघांकडे आळीपाळीने बघत होतं.

"आणि मला सांभाळून खेळायचं नाही," किल्लीवाला दारातून म्हणाला. "सांभाळलंस तर कळेल मला."

इतकी वर्षं कळलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. चष्मेवाल्याने किल्ली उचलली, कुलपात घालून फिरवली, आणि ती कशी मस्त फिरते तेवढंच म्हणाला.